पॅकेज सापडत नाही म्हणजे नेमकं काय सापडत नाही?

रविवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो की भाच्याचा फोन ठरलेला. गड्याने लॅपटॉपवर नवंकोरं उबुंटू २४.०४ हे लिनक्स टाकलंय आणि हॉस्टेलच्या खोलीत बसून आजोबांच्या जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पानं मजकुरात उतरवायला घेतलीत. छापील पानावरचा मराठी मजकूर ओळखणारा टेसरॅक्ट नावाचा प्रोग्राम मीच त्याला सुचवला होता.

"मामा, ते टेसरॅक्ट लिनक्सला नाहीच आहे."

"नाही कसं? काय म्हणतंय?"

"अनेबल टू लोकेट पॅकेज. म्हणजे नाहीच ना?"

हा प्रश्न मला वर्षातून निदान वीस वेळा तरी येतो, पॅकेजचं, म्हणजे बसवायच्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याचं, नाव तेवढं बदलतं. पॅकेज खरंच अस्तित्वात नाही असं त्यात क्वचितच निघतं. बहुतेक वेळा नाव चुकलेलं असतं किंवा संगणकाकडची यादी शिळी असते, आणि खरी चूक पडद्यावर चार ओळी वर लिहिलेली असते. ती कोणी वाचत नाही. फोटो मात्र शेवटच्या ओळीचा पाठवतात, तोही तिरका.

एक खुलासा आधीच करतो. आज्ञा मी फोनवर सांगतो तशाच, उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा द्यायच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत, सगळ्या लहान अक्षरांत टाइप करायच्या. स्पेलिंगचा घोळ होण्यासारखा आहे तिथे अक्षरं सुटी सांगितली आहेत. उबुंटू, मिंट, डेबियन ही ॲप्टवाली (ॲप्ट म्हणजे पॅकेजं आणून बसवणारा प्रोग्राम) मंडळी डोळ्यांपुढे आहेत. फेडोरा आणि आर्चबद्दल पुढे दोन शब्द आहेत.

आधी वाक्य नीट वाचा

"सापडत नाही" अशा अर्थाची वाक्यं निरनिराळी असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

"कमांड नॉट फाउंड" हे शेल, म्हणजे टर्मिनलमधली आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, म्हणतं; ॲप्टचा त्यात काही संबंध नाही. तुम्ही लिहिलेल्या नावाचा प्रोग्राम नेहमीच्या फोल्डरांत मिळाला नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रोग्राम बसवलेलाच नसेल. किंवा बसवलेला असेल, पण शेल त्या फोल्डरात बघतच नसेल. डेबियनवर हे हमखास होतं: नुसतं "सु" लिहून रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) झालात आणि "युजरमॉड" चालवायला गेलात की कमांड नॉट फाउंड. प्रोग्राम /युएसआर/एसबिन मध्ये सुखरूप असतो. साध्या वापरकर्त्याच्या पाथमध्ये, म्हणजे शेल जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, तो फोल्डर नसतो आणि नुसत्या "सु"ने पाथ बदलत नाही. "सु", मग एक स्पेस आणि एक डॅश, असं लिहिलं की काम होतं. यात पॅकेज शोधत बसण्यासारखं काहीच नाही.

"अनेबल टू लोकेट पॅकेज" हे ॲप्टचं वाक्य. या नावाची नोंद माझ्या यादीत नाही, असं ते म्हणतंय.

"हॅज नो इन्स्टॉलेशन कँडिडेट" हे वाक्य फसवं आहे. नाव ॲप्टला ठाऊक आहे, पण बसवण्याजोगी आवृत्ती त्याच्या हाती नाही. मिंटवर "स्नॅपडी" बसवायला गेलात तर नेमकं हेच दिसतं, आणि बिघाड कसलाच नसतो. २०२० साली आलेल्या मिंट २० पासून मिंटवाल्यांनी स्नॅप, म्हणजे ॲप बसवायची उबुंटूवाल्यांची वेगळी पद्धत, मुद्दाम अडवून ठेवलंय. /ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस.डी या फोल्डरात "नोस्नॅप.प्रेफ" नावाची फाइल असते, ती बाजूला काढली आणि यादी ताजी केली की वाट मोकळी. माझं मत विचाराल तर मिंटवर फ्लॅटपॅक ही तशीच दुसरी पद्धत आधीपासून असतेच, हवं ते ॲप आधी तिथे बघा.

नाव

भाच्याने लिहिलं होतं, "सुडो ॲप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट". डेबियन आणि उबुंटूमध्ये त्या पॅकेजचं नाव "टेसरॅक्ट-ओसीआर" आहे. प्रोग्राम चालवताना मात्र नुसतं "टेसरॅक्ट" म्हणायचं. आज्ञेचं नाव एक आणि पॅकेजचं नाव दुसरं, हे लिनक्समध्ये फार ठिकाणी आहे. "इफकॉन्फिग" हवं तर पॅकेज "नेट-टूल्स". "डिग" हवं तर "बाइंड९-डीएनएसयूटिल्स". सी भाषेचा कंपायलर आणि त्याचं सगळं बिऱ्हाड हवं तर "बिल्ड-इसेन्शियल". आणखी गंमत म्हणजे "एफडी" नावाची शोधाची आज्ञा: पॅकेज "एफडी-फाइंड" नावाने मिळतं, बसवल्यावर ती "एफडीफाइंड" या नावाने चालते. नुसतं "एफडी" म्हणालात तर पुन्हा कमांड नॉट फाउंड, आणि माणूस तेच पॅकेज तिसऱ्यांदा बसवायला जातो.

पायथनवाल्यांची तऱ्हा वेगळी. "सीव्ही२ नावाचं मॉड्यूल नाही" अशी तक्रार आली की लोक "सीव्ही२" नावाचं पॅकेज शोधतात. ते "पायथन३-ओपनसीव्ही" मध्ये असतं. "पीआयएल" हवं तर "पायथन३-पीआयएल", "यॅमल" हवं तर "पायथन३-यॅमल". आणि नुसतं "पायथन" नावाचं पॅकेज उबुंटू २०.०४ पासून पूर्वीसारखं राहिलेलं नाही. "पायथन३" म्हणायची सवय लावून घ्या.

नाव माहीत नसेल तर "ॲप्ट सर्च" आणि पुढे एखादा शब्द. फार लांब यादी आली तर "ॲप्ट सर्च --नेम्स-ओन्ली". फाइलचं नाव ठाऊक आहे पण ती कुठल्या पॅकेजात येते ते ठाऊक नाही, अशा वेळी "ॲप्ट-फाइल" बसवून घ्या. बसवल्यावर एकदा "सुडो ॲप्ट-फाइल अपडेट", मग "ॲप्ट-फाइल सर्च" आणि फाइलचं नाव. सी प्रोग्राम कंपाइल करताना "ओपनएसएसएल/एसएसएल.एच नाही" असं आलं तर उत्तर "लिबएसएसएल-डेव्ह" हे यानेच कळतं. नुसतं ओपनएसएसएल बसवलेलं असून भागत नाही, हेडर फाइली "-डेव्ह" शेपटीच्या पॅकेजात वेगळ्या ठेवलेल्या असतात. फेडोरावर तीच शेपटी "-डेव्हल" होते.

अपडेट केलं होतं, पण झालं होतं का?

नाव सुधारून दिलं. "टेसरॅक्ट-ओसीआर". तरी अनेबल टू लोकेट.

"ॲप्ट अपडेट केलंस का?"

"केलं ना मामा. दोनदा केलं."

या उत्तरावर माझा कधीच विश्वास बसत नाही. केलं असेल, झालं का ते विचारायला हवं.

इन्स्टॉल म्हटल्यावर ॲप्ट पॅकेज शोधायला नेटवर जात नाही. /व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स या फोल्डरात साठवलेल्या याद्या चाळतं आणि तिथे नोंद नसेल तर हात वर करतं. जुन्या ग्रंथालयातला माणूस कपाटाकडे न जाता कार्डांचा खण उघडून "नाही" म्हणायचा, तसंच. "सुडो ॲप्ट अपडेट" म्हणजे ती कार्डं नव्याने भरणं. त्याने एकही प्रोग्राम बसत नाही की सुधारत नाही, नवशिक्यांचा इथे नेहमी गोंधळ होतो. डॉकरच्या (प्रोग्राम सुट्या डब्यांत चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) इमेजमध्ये जागा वाचवायला हा खण मुद्दाम रिकामा ठेवलेला असतो, आणि विंडोजच्या आत नुकतंच बसवलेलं उबुंटूही पहिलं अपडेट होईपर्यंत बऱ्याच गोष्टी नाकारतं.

अडचण अशी की अपडेट अर्धवट फसलं तरी ॲप्ट फार आरडाओरडा करत नाही. ओळीच्या सुरुवातीला "हिट" म्हणजे यादी जुनीच पण चालू, "गेट" म्हणजे नवी आणली, "इग्न" म्हणजे सोडून दिली, "एर" म्हणजे आणता आली नाही. शेवटी डब्ल्यू अक्षराने सुरू होणारी एक ओळ येते: काही याद्या उतरल्या नाहीत, त्या सोडून दिल्या किंवा जुन्याच वापरल्या. माणूस ही ओळ बघतो, त्याखाली पुन्हा प्रॉम्प्ट आलेला दिसतो, आणि अपडेट झालं असं धरून चालतो.

भाच्याला म्हटलं, सगळं वरपासून वाचून दाखव. त्याने अडखळत वाचलं, त्यात एक सोन्यासारखी ओळ होती: "क्लिअरसाइन्ड फाइल इझंट व्हॅलिड, गॉट नोस्प्लिट", आणि कंसात "डझ द नेटवर्क रिक्वायर ऑथेंटिकेशन?"

"हॉस्टेलच्या वायफायला लॉगिन करावं लागतं का रे?"

"हो, पण ते मी केलंय."

"कशावर?"

"...फोनवर."

लॅपटॉपवरून ॲप्टने पॅकेजांची यादी मागितली आणि वायफायने तिच्या जागी लॉगिनचं पान हातात ठेवलं. ॲप्टने ते उघडलं, सही जुळेना, म्हणून फेकून दिलं. ब्राउझर उघडून लॅपटॉपवर लॉगिन केलं, पुन्हा अपडेट केलं, सगळ्या ओळी हिट आणि गेट. टेसरॅक्ट-ओसीआर दोन मिनिटांत बसलं. कॉलेजं, हॉटेलं, रेल्वे स्टेशनं, जिथे जिथे वायफायला पान उघडून नंबर टाकावा लागतो तिथे हे होणारच.

याच जागी दिसणाऱ्या आणखी दोन ओळी लक्षात ठेवा. "फाइल हॅज अनएक्स्पेक्टेड साइझ, मिरर सिंक इन प्रोग्रेस?" असं आलं तर तुमची चूक नाही. ज्या आरशावरून, म्हणजे नक्कल ठेवणाऱ्या सर्व्हरवरून, याद्या येतात तो स्वतःच अजून भरला जातोय. तासाभराने पुन्हा बघा. घाई असेल तर "सॉफ्टवेअर अँड अपडेट्स" मध्ये भारताच्या सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हर निवडा. दुसरी ओळ, "रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट", पुढे इतके तास इतकी मिनिटं. म्हणजे संगणकाचं घड्याळ मागे आहे. जुन्या लॅपटॉपची मदरबोर्डवरची बॅटरी संपली की तारीख कुठल्या कुठे मागे जाते, आणि मग ॲप्टला आजची यादी भविष्यातली वाटते. "टाइमडेटसीटीएल" चालवून तारीख बघा, "सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू" करा. विंडोज आणि लिनक्स शेजारीशेजारी असतील आणि फरक नेमका साडेपाच तासांचा दिसला तर बॅटरीला दोष देऊ नका. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स त्याच घड्याळाला यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजतं.

यादी ताजी, नाव बरोबर, तरी नाही

"ॲप्ट पॉलिसी टेसरॅक्ट-ओसीआर" असं विचारा. कँडिडेटपुढे आवृत्तीचा आकडा आला तर पॅकेज आहे. त्याखाली ते कुठून येणार तेही लिहिलेलं असतं.

काहीच आलं नाही तर पॅकेज ज्या विभागात आहे तो विभाग बंद असण्याची शक्यता धरा. उबुंटूचे विभाग चार: मेन, रिस्ट्रिक्टेड, युनिव्हर्स, मल्टिव्हर्स. टेसरॅक्टसारखी हजारो पॅकेजं युनिव्हर्समध्ये आहेत, आणि पेनड्राइव्हवरून "ट्राय उबुंटू" करून बघताना किंवा काही सर्व्हर इन्स्टॉलमध्ये युनिव्हर्स बंद सापडतं. "सुडो ॲड-ॲप्ट-रेपॉझिटरी युनिव्हर्स", मग अपडेट. डेबियनची वाटणी निराळी: मेन, कंट्रिब, नॉन-फ्री, आणि २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून नॉन-फ्री-फर्मवेअर. वायफाय कार्डाचं फर्मवेअर जुन्या लेखात सांगितलेल्या जागी मिळत नाही ते या शेवटच्या विभागामुळे.

डेबियन डीव्हीडीवरून, नेट न जोडता बसवलं असेल तर आणखी एक गोष्ट बघा. /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट उघडा. आत "सीडीरॉम" लिहिलेली एकच ओळ असेल तर तुमच्या ॲप्टचं जग त्या एका चकतीपुरतं आहे. उबुंटू २४.०४ वर हीच फाइल जवळजवळ रिकामी दिसेल, घाबरू नका. तिथे खरा मजकूर शेजारच्या सोर्सेस.लिस्ट.डी फोल्डरात "उबुंटू.सोर्सेस" या फाइलमध्ये हलवलाय.

मग वय. मित्राने दोन वर्षांपूर्वी बनवलेल्या पेनड्राइव्हवरून उबुंटू २३.१० बसवलं की प्रत्येक ओळीला ४०४ नॉट फाउंड आणि "नो लाँगर हॅज अ रिलीज फाइल". सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येणाऱ्या, म्हणजे २०.०४, २२.०४, २४.०४ अशा आवृत्त्यांना पाच वर्षं आधार मिळतो, मधल्यांना फक्त नऊ महिने. २३.१० चा आधार जुलै २०२४ मध्ये संपला. मुदत संपलेल्या आवृत्त्यांची पॅकेजं "ओल्ड-रिलीजेस" या वेगळ्या सर्व्हरवर हलवतात आणि पत्ता बदलून ती मिळवताही येतात. पण नवशिक्याने त्या फंदात पडू नये. सुरक्षेची सुधारणा तिथे येत नाही. कागदपत्रं काढून घ्या आणि नवी आवृत्ती टाका.

मिंटवाल्यांसाठी खास. डॉकरसारख्या बाहेरच्या सॉफ्टवेअरची रेपॉझिटरी (पॅकेजांचं कोठार) जोडताना लेखातली आज्ञा "एलएसबी_रिलीज -सीएस" वापरून आवृत्तीचं टोपणनाव आपोआप भरते. मिंट २२ वर त्याचं उत्तर येतं "विल्मा". डॉकरच्या सर्व्हरवर विल्मा कोणी ओळखत नाही, ४०४ मिळतो, आणि लोक समजतात डॉकर मिंटवर चालत नाही. मिंट २२ उबुंटू २४.०४ वर उभं आहे, त्याचं टोपणनाव "नोबल". सोर्सेस.लिस्ट.डी मधल्या त्या फाइलमध्ये विल्मा खोडून नोबल लिहा. मिंट २१ असेल तर "जॅमी". खात्री करायची तर "कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज" आणि त्यातली "उबुंटू_कोडनेम" ची ओळ. डेबियनवर मात्र उबुंटूचे पीपीए, म्हणजे लोकांनी स्वतः उभी केलेली पॅकेजांची कोठारं, जोडायला जाऊच नका. कधीतरी चालल्यासारखं वाटतं आणि पुढच्या अपग्रेडला घर पडतं.

व्हॉट्सॲपवरून आलेली आज्ञा

फोनचा कीबोर्ड वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करतो. "सुडो"चा एस मोठा झाला की शेलला ते वेगळंच नाव वाटतं. काही फोन लागोपाठचे दोन डॅश जोडून एक लांब रेघ करतात, आणि "--फिक्स-ब्रोकन" मधली रेघ ॲप्टला पॅकेजचं नाव वाटते. उत्तर अर्थात अनेबल टू लोकेट. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून असली चूक शोधताना अर्धा तास सहज जातो. मेसेजमधून आज्ञा आली असेल तर चिकटवू नका, हाताने टाइप करा.

लॉकची तक्रारही याच वेळी येते: "कुड नॉट गेट लॉक". उबुंटू पाठीमागे स्वतःचं अपडेट करत असतं. चहा घेऊन या. लॉकची फाइल पुसा असा सल्ला जागोजागी मिळेल, तो ऐकू नका.

फेडोरावर हेच दुखणं "नो मॅच फॉर आर्ग्युमेंट" या नावाने येतं. तिथे "डीएनएफ प्रोव्हाइड्स" हे ॲप्ट-फाइलचं काम करतं. अपाचे सर्व्हर डेबियनमध्ये "अपाचे२", फेडोरात "एचटीटीपीडी", तेव्हा लेख कुठल्या लिनक्ससाठी लिहिलाय ते आधी बघा. आर्चवर "टार्गेट नॉट फाउंड" आलं तर पॅकेज बहुधा एयूआरमध्ये, म्हणजे वापरकर्त्यांनी चालवलेल्या संग्रहात, असतं, आणि नुसती यादी ताजी करून एकच पॅकेज बसवणं तिथे अंगाशी येतं. पूर्ण "पॅकमन -एसवाययू" करा, यातला एस मात्र मोठा.

बसलं, तरी मराठी नाही

संध्याकाळी पुन्हा फोन. टेसरॅक्ट चालतंय, पण मराठी म्हटलं की "एमएआर.ट्रेन्डडेटा" फाइल उघडता येत नाही म्हणतं, आणि "टेसडेटा_प्रीफिक्स" नीट लावा असा सल्ला देतं. गडी तासभर तो सल्ला पाळत बसला होता. व्हेरिएबल लावायची काहीच गरज नाही, फाइलच तिथे नाही. उबुंटूत टेसरॅक्टबरोबर इंग्रजी आणि पानाची दिशा ओळखणारा संच येतो, बाकी भाषा वेगळ्या पॅकेजांत.

"मामा, मी टेसरॅक्ट-ओसीआर-एमआर टाकून बघितलं. अनेबल टू लोकेट."

मराठीचे संकेत दोन आहेत. लिब्रेऑफिसचं भाषांतर "लिब्रेऑफिस-एल१०एन-एमआर", उबुंटूचा भाषासंच "लँग्वेज-पॅक-एमआर", म्हणजे दोन अक्षरं, एम आणि आर. टेसरॅक्ट तीन अक्षरांचा संकेत वापरतं: एम, ए, आर. म्हणून पॅकेज "टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर". फेडोरात त्याचंच नाव "टेसरॅक्ट-लँगपॅक-एमएआर".

बसवल्यावर "टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्ज" म्हणायचं. यादीत ईएनजी आणि ओएसडी यांच्यामध्ये एमएआर दिसलं की झालं. अंकातल्या जाहिरातींत इंग्रजी मिसळलेलं असतं, म्हणून त्याला चालवताना "-एल एमएआर+ईएनजी" द्यायला सांगितलं. "टेसरॅक्ट", मग पानाच्या फाइलचं नाव, मग "आउट", मग ते. त्याच फोल्डरात आउट.टीएक्सटी तयार होते.